खाडीचा डांस आणि घरचा डांस

दिवेलागण झाली कीं रत्नागिरींतील बहुतेक घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, देवापाशीं निरांजन लागतें; दुसरी, खिडक्या धडाधड बंद होतात. पहिली गोष्ट श्रद्धेची, दुसरी डांसांच्या भीतीची. खिडकी लावतां लावतां घरांतलें कोणी तरी वैतागून म्हणतें, "ती मेली खाडी एकदांची बुजवून टाकली तर बरें होईल!"

ह्या उद्गारांत राग आहे, पण रागाबरोबर एक सिद्धांतहि आहे. ओल म्हणजे डांस, डांस म्हणजे ताप. सबब ओल नाहींशी केली कीं ताप गेला, असा तो सिद्धांत. ऐकावयास तो अगदीं सरळ वाटतो. तो कितपत खरा आहे हें पाहणें, हाच ह्या भाषणाचा विषय होय. विषय साधा दिसला तरी प्रश्न साधा नाहीं. ह्याच सिद्धांताच्या जोरावर कोंकणांत ठिकठिकाणीं सखल जमिनींवर डबराचे ढीग पडत आहेत, आणि एकदां बुजविलेलें खाजण पूर्वस्थितीस आणणें फार कठीण असतें. न्याय करण्यापूर्वींच शिक्षा देऊन टाकावी, तसा हा प्रकार आहे.

'पाणथळ' हा शब्द ऐकतांच शहरांत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें हिरवट, कुबट पाण्याचें एखादें डबकें उभें राहतें. रत्नागिरीची पाणथळ ह्याहून फार निराळी आहे, आणि ती एका प्रकारचीहि नाहीं. काजळी नदी भाट्याजवळ समुद्रास मिळते. तिच्या खाडीकांठीं चिपी, तिवर, कांदळ आणि मारांडी ह्यांचें रान उभें आहे. शास्त्री नदी जयगडास आणि वाशिष्ठी दाभोळास समुद्राला भेटते. तेथेंहि असाच देखावा दृष्टीस पडतो. खाडीच्या वरच्या अंगाला बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडविलेली खार जमीन असते. तिच्या पलीकडे पावसाळा संपल्यावरहि ओल धरून राहणारे मळे असतात. तेथें उन्हाळ्यांत वायंगणाचें भात पिकतें. आणि ह्या सर्वांहून उंच, डोंगराच्या माथ्यावर, जांभ्या दगडाचा सपाट सडा पसरलेला असतो. वैशाखांत तापलेल्या तव्यासारखा भासणारा हा सडा जून महिन्यांत पाऊस लागला कीं असंख्य लहानमोठ्या डबक्यांनीं व तळ्यांनीं भरून जातो. म्हणजे रत्नागिरीची पाणथळ पायाशींहि आहे आणि माथ्यावरहि आहे.

ह्या पाण्यांचा एक गुण ध्यानांत ठेवावयास हवा. निरोगी खाडींतलें पाणी एका जागीं बसून राहत नाहीं. सुमारें पंचवीस तासांत तें दोन वेळां चढतें आणि दोन वेळां उतरतें. भरतीबरोबर मासे आंत शिरतात, ओहोटीबरोबर सांचलेलें पाणी बाहेर जातें. उलट डांसाच्या अळीला निवांत पाणी हवें असतें. तिला श्वास घेण्यासाठीं पृष्ठभागाशीं यावें लागतें, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठदहा दिवस कोणी खाल्लें नाहीं, कोणी हलविलें नाहीं, तरच तिचा निभाव लागतो. हालतें व माशांनीं भरलेलें पाणी हें तिच्या दृष्टीनें माहेर नव्हे, तें शत्रूचें राज्य होय.

आतां खुद्द डांसाकडे वळावयास हरकत नाहीं. ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस ह्या लष्करी डॉक्टरांनीं हिंवतापाचा जंतु डांसाच्या पोटांत प्रथम पाहिला. ह्या कार्याबद्दल त्यांस इ. स. १९०२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत हिंवताप हा दलदलींतून उठणाऱ्या दूषित हवेनें होतो, अशी समजूत पुष्कळ देशांत होती. 'मलेरिया' ह्या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. रॉस ह्यांच्या शोधानें हवा निर्दोष ठरली. परंतु दलदलीवरचा जुना आरोप मात्र पुसला गेला नाहीं; 'वाईट हवा' ह्या शब्दांच्या जागीं 'डांस' हा शब्द आला, एवढाच काय तो फरक झाला.

जगांत डांसांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाति मोजल्या गेल्या आहेत. त्यांतील नर रक्ताला शिवत नाहीं. तो फुलांतील मध व झाडांचा गोड रस पिऊन राहतो. मादीहि एरवीं हेंच खाते. रक्त तिला लागतें तें अंडीं तयार होण्यापुरतें. आणि माणसाला रोग देणाऱ्या जाति एकंदर जातींच्या मानानें अगदीं थोड्या आहेत. शहरांतील घरांना पीडा देणाऱ्या ह्या थोड्या जातींचें जन्मस्थान शोधूं गेल्यास मोठें नवल वाटतें. डेंग्यूचा, म्हणजे जुन्या माणसांच्या हाडमोड्या तापाचा, प्रसार करणारा ईडिस जातीचा डांस दिवसा चावतो आणि रांजण, पिंप, कुंडीखालची बशी, टाकलेलें टायर, नारळाची करवंटी अशा लहानसहान सांठ्यांत वाढतो. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स तुंबलेल्या गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत वाढतो. शहरांतील हिंवतापाचा वाहक असलेला ॲनॉफिलिस गच्चीवरील उघडी टाकी, बांधकामाचा हौद आणि विहीर पसंत करतो. डॉ. बेंटले ह्यांनीं इ. स. १९११ मध्यें मुंबईच्या हिंवतापाची चौकशी प्रसिद्ध केली, तेव्हां त्यांचें बोट खाडीकडे वळलें नाहीं. तें घरोघरच्या विहिरींकडे वळलें. ह्या तिन्ही आरोपींचा पत्ता खाडीचा नाहीं. तो आपल्याच घराचा आहे.

मात्र सत्य सांगतांना अर्धें झांकून ठेवणें बरें नव्हे. खेड्यांतून हिंवताप नेणारी ॲनॉफिलिसची दुसरी एक जाति ओढ्यांच्या कडा, पाटाचें पाणी आणि भातखाचरें ह्यांत वाढते. खाडीकांठच्या खाऱ्या पाण्यांत व खेकड्यांच्या बिळांतहि कांहीं डांस वाढतात, आणि त्यांचा दंश गोड नसतो. तेव्हां पाणथळ सर्वस्वीं निर्दोष आहे असें म्हणणें हा भाबडेपणा होईल. ज्या घरीं लेंकरूं तापानें फणफणलें आहे त्या घरीं जाऊन निसर्गाच्या थोरवीचें प्रवचन करूं नये; तेथें रक्त तपासून घ्यावें, औषध पुरें द्यावें आणि मच्छरदाणी लावावी. प्रश्न इतकाच आहे कीं, खाडी बुजविल्यानें त्या लेंकराचा ताप टळला असता काय?

ह्या प्रश्नावर आपल्या देशाचा अनुभव बोलका आहे. स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभींच्या वर्षांत हिंदुस्थानांत दरसाल सुमारें साडेसात कोटी लोक हिंवतापानें आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. इ. स. १९५३ मध्यें राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. हा पराक्रम सामान्य नव्हे; त्यानें लाखों घरांतील दिवे विझतां विझतां वांचविले. परंतु तो कशानें साधला? मुख्यतः घरांच्या भिंतींवर आंतल्या बाजूनें डी. डी. टी. फवारून. शत्रूला घरांत गांठलें म्हणून यश आलें. देशांतल्या खाड्या भरून काढल्या म्हणून नव्हे. पुढें डांसांना त्या औषधाची संवय झाली, मोहीमहि सैल पडली, आणि १९७६ मध्यें रोग्यांचा आंकडा चौसष्ट लाखांवर गेला. डांसांचा समूळ उच्छेद करूं, ही प्रतिज्ञा माणसाला झेपली नाहीं. त्याला आपल्या उंबरठ्यापासून दूर ठेवणें मात्र झेपण्यासारखें आहे.

येथें कोणी विचारील, 'दूर ठेवावयाचा कशाला? तो मुळीं नसलेलाच काय वाईट?' ह्याचें उत्तर डांसाजवळ नाहीं. तें डांसाला खाणाऱ्यांजवळ आहे. पाण्यांतील अळ्या माशांची पिल्लें खातात, बेडकाच्या कुळांतील कांहीं जीव खातात, चतुरांच्या व टाचण्यांच्या अळ्या खातात. पंख फुटलेला डांस चतुर, कोळी, भिंगरी आणि संध्याकाळीं उडणारीं लहान वटवाघळें ह्यांच्या तोंडीं जातो. कोंकणांतल्या ओढ्यांत डोकीवर चांदीसारखा ठिपका मिरविणारा बोटाएवढा मासा असतो; तो पृष्ठभागाशीं पोहतो आणि अळ्या टिपीत राहतो. अशा घरच्या माशांकडे दुर्लक्ष करून इ. स. १९२८ मध्यें गॅम्बुझिया नांवाचा मासा इटलीहून आपल्या देशांत आणण्यांत आला. बंद हौदापुरता तो उपयोगी पडला, परंतु ओढ्यांत व तळ्यांत शिरल्यावर तो दुसऱ्या माशांचीं पिल्लें आणि बेडकांचीं अंडींहि खाऊं लागला. पाहुण्याला माजघर दाखविल्याचा हा परिणाम होय.

सड्यावरच्या तळ्यांत तर एक फूलच शिकार करतें. 'सीतेचीं आसवें' ह्या सुंदर नांवाची ती निळीजांभळी फुलें पावसाळ्यांत सड्यावर दाट पसरतात. त्यांच्या बुडाशीं पाण्यांत मोहरीएवढ्या किंवा त्याहूनहि बारीक पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरील केसाला लागतांच झांकण आंत उघडतें आणि तो जीव पाण्यासकट ओढला जातो. डांसांच्या लहान अळ्याहि अशा रीतीनें नाहींशा होतात. एवढेंच नव्हे, तर डांसांमध्येंहि एक डांसभक्षक आहे. आकारानें मोठी अशी एक जाति आपल्या देशाच्या रानांत सांपडते. तिच्या अळ्या इतर डांसांच्या अळ्या खाऊन वाढतात आणि मोठेपणीं तिची मादी रक्त कधींच पीत नाहीं. डांसाचें नांव ऐकतांच हात उगारणाऱ्याला आपण मित्राला मारतों कीं शत्रूला, हेंहि ठाऊक नसतें.

डांस व त्यांसारखे पाण्यावरचे कीटक काढून घेतले तर काय होतें, ह्याचा एक प्रयोग फ्रान्सच्या दक्षिणेस कामार्ग नांवाच्या विस्तीर्ण पाणथळींत नकळत झाला. तेथें डांसांच्या अळ्या मारण्यासाठीं एक प्रकारचा जंतु फवारूं लागले. माणसाला तो निरुपद्रवी, परंतु इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, जेथें फवारा झाला नव्हता तेथें भिंगरीच्या जातीच्या एका पाखराच्या घरट्यांतून सरासरीनें ३.२ पिल्लें वाढत, आणि जेथें फवारा झाला तेथें २.३. डांस कमी झाले तो आनंद माणसाला झाला. त्याची किंमत पाखराच्या पिल्लांनीं चुकविली. उत्तरेकडील थंड प्रदेशांत तर एका जातीच्या आमरीच्या फुलांचें परागवहनहि डांस करतात. सृष्टीच्या जमाखर्चांत डांस हा नुसता खर्च नाहीं. कांहीं पानांवर तो जमेच्या बाजूसहि आहे.

आतां पुन्हा रत्नागिरीच्या त्या खिडकीपाशीं यावें. समजा, खाडीजवळ एका गृहस्थानें हौसेनें घर बांधलें. घरामागें सखल खाजण; संध्याकाळीं डांस येतात. गृहस्थ चार ट्रक डबर आणून टाकतो. जागा अर्धी भरते, अर्धी तशीच राहते. भरतीचें पाणी ज्या चिंचोळ्या वाटेनें येतजात होतें ती वाट बंद होते. आंत अडकलेल्या पाण्यांतले मासे मरतात. शेजारच्या मोरीचें पाणी त्यांत मिसळतें. प्लास्टिकच्या पिशव्या आणि रिकामीं शहाळीं त्यांत येऊन पडतात. दुसऱ्या वर्षीं डांस पहिल्यापेक्षां वाढतात. तेव्हां गृहस्थ म्हणतो, "पाहा, मी सांगत नव्हतों? ही जागा मुळांतच वाईट. उरलेलीहि भरून टाका!" जी त्याची चूक, तीच तो पुरावा म्हणून पुढें करतो. खाडीनें डांस वाढविले नाहींत. खाडीचा श्वास कोंडला गेला म्हणून ते वाढले.

जुन्या शेतकऱ्याला हें मर्म ठाऊक होतें. खारबांधाला तो उघाडी ठेवीत असे. ओहोटीला शेतांतलें पाणी उघाडींतून बाहेर जाई, भरतीला तिची झडप मिटे. उघाडी तुंबली कीं शेत नासतें आणि डांसहि माजतात, म्हणून तिचा गाळ काढणें हें गांवकीचें काम समजलें जाई. पाणी नाहींसें करणें त्याच्या मनांत नव्हतें. पाण्याला वाट देणें एवढेंच तो जाणत होता. जेथें खाजणांत पाणी अडलें असेल तेथें आजहि पहिला उपाय हाच. डबर टाकण्यापूर्वीं मोरी मोकळी करावी, कचरा काढावा आणि भरतीला तिची वाट परत द्यावी.

खाजण गेल्यानें केवळ पाखरांचें जातें असें नाहीं. कोळंबी, बोय, तांबोशी ह्यांचीं पिल्लें कांदळांच्या मुळ्यांत आसरा घेऊन वाढतात आणि मग समुद्राकडे जातात. मिरकरवाड्याच्या बंदरावर येणाऱ्या मासळीचा कांहीं भाग अशा पाळण्यांत वाढलेला असतो. ओहोटीच्या वेळीं खाडीच्या चिखलांत वांकून तिसऱ्या आणि मुळे वेंचणाऱ्या बायकांचा त्या दिवसाचा संसार त्या चिखलावर चालतो. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांत व्हाळांतून, पऱ्यांतून वर धांवणारे चढणीचे मासे उथळ, पाणथळ शेतांत अंडीं घालावयास निघालेले असतात. सड्यावरचें पाणी जांभ्याच्या भेगांतून मुरत खालीं उतरतें आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना जिवंत ठेवतें. आणि अतिवृष्टीच्या दिवशीं पुराला पसरावयास सखल जागा लागते. ता. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळूणच्या बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां नदीला जागा हवी असते हा धडा त्या शहराला फार महाग पडला. नदीची जागा माणसानें घेतली, तरी नदी ती विसरत नाहीं.

ह्या पाण्याशीं कोंकणची संस्कृति किती जुन्या काळापासून बांधलेली आहे, ह्याची साक्ष सड्यावरच्या कातळांत कोरलेली आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू आदि ठिकाणांच्या कातळशिल्पांचा समावेश इ. स. २०२२ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. त्या कोरणाऱ्यांनीं हत्तीबरोबर मासेहि कोरले. फार अलीकडचें पाहावयाचें तर, ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इ. स. १८८६ पासून १९१६ मध्यें मरण येईपर्यंत रत्नागिरींत नजरकैदेंत होता. त्याच्या राजवाड्याजवळच्या उंचवट्यावरून काजळीचें पात्र व भाट्याची खाडी पाहावयास लोक आजहि संध्याकाळीं जातात. पाहुण्याला अभिमानानें तो देखावा दाखवावा, आणि घरीं येऊन तीच खाडी बुजवावी म्हणावें, ही विसंगति विचार करण्यासारखी आहे. खाजण, वायंगण, उघाडी, पऱ्या हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडून हळूहळू जात आहेत. वस्तु गेली कीं शब्द जातो, आणि शब्द गेला कीं काय गेलें हेंहि सांगतां येत नाहीं.

कायद्यानें आपलें काम बरेंच केलें आहे. इराणमधील रामसर येथें ता. २ फेब्रुवारी १९७१ रोजीं पाणथळींच्या रक्षणाचा करार झाला. तो दिवस आतां जगभर पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. मुंबई उच्च न्यायालयानें इ. स. २००५ मध्यें महाराष्ट्रांतील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालानें तें संरक्षण कायम केलें. राज्याच्या वनखात्यांत २०१२ मध्यें कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष निघाला, आणि २०२० मध्यें पांढरी चिपी ही राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. परंतु न्यायालय रात्रीं डबराच्या ट्रकाशेजारीं उभें राहूं शकत नाहीं. तेथें शेजाऱ्यांचीच नजर उपयोगी पडते.

आणि राहिला घरचा डांस. त्याच्यासाठीं खाडीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळावा. त्या दिवशीं पिंप, रांजण, फुलदाणी, कुंडीखालची बशी हीं सर्व रिकामीं करून घांसून वाळवावीं. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं, कारण ईडिसचीं अंडीं भांड्याच्या आंतल्या बाजूला चिकटून असतात आणि पाण्यावांचून कित्येक महिने जगतात. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झांकण असावें, मैल्याच्या टाकीच्या वायुनळीला जाळी बांधावी, न्हाणीघराची मोरी वाहती ठेवावी. आठदहा दिवसांत अळीचा डांस होतो, आणि आठवड्याचा नेम पाळला तर तो होण्यापूर्वींच तिचा अंत होतो. ह्या कामाला फारसा पैसा लागत नाहीं, फक्त नेम लागतो.

दिवेलागणीला खिडकी अवश्य लावावी. तिला बारीक जाळी बसविली तर त्याहून उत्तम, म्हणजे खाडीवरचा वाराहि घरांत येत राहील. मात्र खाडीला शिव्या देण्यापूर्वीं कंदील घेऊन एकदां परसांत जावें. माडाखालीं कालची करवंटी उताणी पडलेली असेल, आणि तिच्यांत ओंजळभर पाणी असेल. त्या पाण्यांत वळवळणारे जीव दिसले, तर खाडीवरचा खटला तेथेंच काढून घ्यावा आणि करवंटी पालथी करावी.